चूलबंद आवतन

काकू,

तू गेल्यापासून लोक भेटायला येतात आणि दारातच अडखळतात. चेहरा नीट पाडून आलेला माणूस माझ्या तासलेल्या डोक्याकडं पाहतो आणि त्याला एकदम आठवतं, की अरे, हाच तो वादी. ज्या बाईवर याच्या घरानं अकोल्याच्या कोर्टात दावा लावला होता, तिला अग्नीही यानंच दिला. आता याचं सांत्वन करावं, की मोकळा झालास बाबा म्हणावं, हे त्या बिचाऱ्याला उमगत नाही. मी मुद्दाम त्याला घोंगडीवर बसवतो आणि त्याची घालमेल पाहत राहतो. तू असतीस तर आतून ओरडली असतीस, "बापू, लोकाइले छळू नोको रे."

मोकळा मी झालोच आहे, काकू. पण तू गेलीस म्हणून नाही, तू जिंकलीस म्हणून. तुझ्यासमोर हे कधी सरळ बोललो नाही. आपण दोघं एकमेकांशी सरळ बोललो तरी कधी? तू टोमणा मारायचीस, मी सोंग काढायचो, आणि मधल्यामध्ये जे समजायचं ते समजायचं.

तुझी माझ्याकडची सगळ्यात जुनी आठवण खाण्याची आहे. आपल्या घरात दोन चुली झाल्या तेव्हा मी इतका लहान होतो, की भांडण कशाचं ते मला कळलं नाही. फायदा मात्र ताबडतोब कळला. काका तुला घेऊन मळ्यातल्या घरात गेले, माझे वडील, आबा, काळ्या रानाचं पाहू लागले. कागद कोणी केला नाही. भावाभावांत कागद करायची दोघांना लाज वाटली. पुढं आबांना दावा लावायची वाटली नाही, ती गोष्ट वेगळी. मी सकाळी आईच्या हातची भाकर आणि पातळ बेसन खायचो आणि नाल्याच्या काठाकाठानं धावत तुझ्याकडं यायचो.

"काई खाल्लं का रे?"

"नाई, काकू."

तू पदराच्या टोकानं माझ्या ओठांवरचं बेसन पुसायचीस, ते नीट पाहायचीस, आणि ताट वाढायचीस. माझ्या आयुष्यातलं पहिलं खोटं असं तू पुसून टाकलंस. म्हणून तर पुढं कोर्टात मी काय बोललो यावर तुझा एवढा दांडगा विश्वास होता.

काका गेले तेव्हा तुझी लेक येसू परकरात होती. काकांच्या मागं तू तो मळा असा उभा केलास, की बाळापूरच्या बाजारात लोक आधी विचारायचे, ही शेवंती काकूच्या मळ्याची हाय का, आणि मग भाव करायचे. वाफ्यात वांगी, बांधाला सांबार म्हणजे कोथिंबीर, विहिरीच्या बाजूला मोगरा. मोटेवर गडी असला तरी पाणी कुठल्या सरीत आधी जायचं ते तू सांगायचीस, तेही जात्यावर बसून, नुसत्या आवाजावरून.

आणि त्याच मळ्यावर आबांनी दावा लावला.

आबांबद्दल मी वाईट बोलणार नाही. तूही कधी बोलली नाहीस. दळभद्री, हेकट, म्हैस, एवढंच म्हणायचीस, पण वाईट नाही. आबांना मळा खायचा नव्हता. त्यांच्या डोक्यात एकच कीड होती. "मळा आपल्या नावाबाहेर जाईन. उद्या येसूचा नवरा येईन, आन माया भावानं खांदलेल्या विहिरीवर पाय धुईन." कायदाही त्यांच्या कानाला गोड लागणारा होता. कुटुंब एकत्र असेल तर भावाच्या मागं सगळं भावाकडं. बायकोला पोटापुरतं आणि लेकीला लग्नापुरतं. वाटण्या झालेल्या असतील तर मळा बायकोचा आणि तिच्या मागं लेकीचा. म्हणजे सगळं एका गोष्टीवर आलं. आपण एक होतो, की दोन?

आबा म्हणाले, एक. चूल एकच. मळ्यातली चूल गड्यांच्या भाकरी थापायला मांडलेली, दुसरं काही नाही. आणि पुरावा काय, तर महालक्ष्म्या. भादव्यात ज्येष्ठा-कनिष्ठा दोघी बहिणी आमच्या घरी येतात, आमच्याच घरी बसतात, आणि तू आमच्याच पंगतीला जेवतेस. वेगळी असतीस तर तुझ्या महालक्ष्म्या वेगळ्या नसत्या का?

या मुद्द्यावर तुझ्या वकिलाची बोबडी वळायची. त्यानं तुला खरंच सांगितलं होतं ना, की यंदा मळ्यातल्या घरी दोन मुखवटे आणून बसवा म्हणून? मला येसूनं सांगितलं. तू त्याला म्हणालीस, "त्या दोघी बहिणी आल्या त माहेरी येतात. माहेर कोर्टात बदलत नाई." आणि महालक्ष्म्या तू मांडल्या नाहीस. दावा हरायची पाळी आली, तरी मांडल्या नाहीस.

दावा चालू असतानाही दर भादव्यात मी तुझ्या दारात येत होतो. आपल्याकडची रीत तुला काय सांगायची, पण हे वाचणारे पुण्या-मुंबईचेही असतील, म्हणून सांगतो. चूलबंद आवतन म्हणजे नुसतं जेवायला या नव्हे. उद्या तुमच्या घरी चूलच पेटवायची नाही. लेकरू, गडी, पाहुणा, जो कोणी घरात असेल तो आमच्याकडं जेवेल. मी हळदीकुंकवाचे तांदूळ तुझ्या उंबऱ्यावर ठेवायचो आणि नाटकात राजा उभा राहतो तसा उभा राहायचो.

"काकू, उद्या महालक्ष्म्याचं जेवण हाय. चूलबंद हाय बरं."

"येतो. आन साक्ष कवा हाय तुयी?"

"पुढच्या तारखेले."

"मंग उद्या पोटभर वाढजो. उपाशी बाईवर खोटं बोलशीन त पाप लागीन."

"खोटं काऊन बोलू मी?"

"कोट शिवला म्हणे नवा."

"शिवला."

"मंग बोलशीन."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाव्यातल्या मळ्यातली दाव्यातली फुलं टोपली भरभरून आमच्या घरी यायची. आबा ती हातात घ्यायचे, वास घ्यायचे, आणि कोणाला न सांगता स्वतः हार गुंफत बसायचे. तू आलीस की ते तुझ्याशी बोलायचे नाहीत. थोरल्या दिरानं भावजयीशी बोलायचं नाही ही रीत एक, आणि वादी-प्रतिवादी ही दुसरी. ते भिंतीला सांगायचे, "त्याइले म्हणा, आंबील घ्या अजून." तू खांबाला सांगायचीस, "त्याइले म्हणा, घेतली." तुझं पान वाढून झाल्याशिवाय आबांनी घास उचललेला मी पाहिला नाही. दावा त्यांनी मागं घेतलेलाही पाहिला नाही.

आता माझ्या साक्षीकडं येतो. तू ती हजार वेळा ऐकली आहेस. आता एकदा शेवटची ऐक.

कोट नवा, टोपी आबांची, आणि कोर्टात शुद्ध बोलायचं म्हणून मी रस्ताभर "मला, तुला" घोकत आलेलो. पिंजऱ्यात चढलो तर समोर आबा, मिशा विंचरलेल्या. पलीकडच्या बाकावर तू, पदर कपाळापर्यंत. मला वाटलं, रंगमंच तर हाच. गावातल्या नाटकात मला कायम दूताची कामं मिळायची. इथं पहिल्यांदा सगळे माझ्याकडं पाहत होते. आमच्या वकिलानं महालक्ष्म्यांचं विचारलं, मी झकास सांगितलं. ज्येष्ठेचा शालू, कनिष्ठेची नथ, वरचा फुलोरा, करंजी किती मोठी, सगळं. सबजज्ज लिहिता लिहिता थांबून ऐकायला लागले. मग तुझा वकील उठला. त्याला मला डिवचायचं होतं. म्हणाला, "विधवा काकूला तुम्ही नुसतं नावापुरतं जेवायला घालता, असंच ना?"

काकू, मी वऱ्हाडातला माणूस. जेवणावरून कोणी बोट दाखवलं की माझं डोकं फिरतं. मी छाती पुढं काढून म्हणालो, "नावापुरतं? मी स्वतः दरवर्षी त्यांच्या दारात जातो. उंबऱ्यावर अक्षता ठेवतो. चूलबंद आवतन देतो साहेब, चूलबंद. त्यांच्या घरी त्या दिवशी धूर निघाला, तर मी जेवत नाही."

आबा खूश झाले. आमचा वकील खूश झाला. तुझा वकील खजील होऊन खाली बसला. सबजज्जांनी ते सगळं लिहून घेतलं. मी पिंजऱ्यातून असा उतरलो, की टाळ्या पडल्या नाहीत याचंच नवल वाटलं. आणि खालच्या कोर्टात आम्ही जिंकलो.

जिंकल्याच्या वर्षीच आबा गेले. जाताना माझा हात धरून म्हणाले, "मळा सोडजो नोको." आता मला सांग, काय करायचं होतं मी? बैलजोडी वारशानं आली, काळं रान आलं, आणि दावाही आला. बैल विकता येतात. मरणाऱ्याला दिलेला शब्द विकता येत नाही. तू अपील केलंस म्हणून मळ्याचा ताबा थांबला होता. नाहीतर एक दिवस मला बेलिफ घेऊन तुझ्या दारात उभं राहायचं होतं. त्याच उंबऱ्याशी, जिथं मी तांदूळ ठेवत होतो. मी त्या दिवसाचं सोंग मनात कितीदा करून पाहिलं. कुठला चेहरा करायचा ते कधी जमलं नाही. सोडता येत नव्हतं आणि घेता येत नव्हतं. अशा माणसाला एकच वाट उरते, काकू. हरायचं. आणि तेही आपल्या हातात नसतं.

मग तुझ्या भावानं नांदगाव खंडेश्वरहून येऊन अमरावतीचा वकील लावला. बारीक अंगाचा, सर्दी झालेला, दर वाक्याला नाक पुसणारा तो माणूस वरच्या कोर्टात उभा राहिला, तेव्हा आमचा वकील माझ्या कानात म्हणाला, "यात काही दम नाही." त्या माणसानं माझी साक्ष हातात घेतली आणि माझंच वाक्य वाचलं. चूलबंद.

जज्ज परप्रांतातले. त्यांना चूलबंद म्हणजे काय ते सांगावं लागलं. नाक पुसत पुसत त्यानं इतकं गोड सांगितलं, की मलाच भूक लागली. मग जज्जसाहेब आमच्या वकिलाकडं वळले. कारकुनानं मला हळूच मराठीत सांगितलं, ते विचारत होते, "वादी आपल्या बायकोलाही असंच दारात जाऊन आवतन देतो का?"

सगळं कोर्ट हसलं. आमचे वकील चष्मा पुसायला लागले. आणि मी, वादी, पहिल्यांदा हसलो. एकाच घरात जेवणाऱ्याला आवतन कोण देतं? चूल वेगळी नसेल, तर बंद काय करायची? मी स्वतःच्या तोंडानं तुझी चूल मांडून दिली होती, धुरासकट. बाकीचं तुझ्या वकिलानं त्यावर रचलं. मळ्याचं पीक वेगळं, विक्री वेगळी, चूल वेगळी. एक काय, तर देवी. आणि देवीच्या जेवणालाही आवतन.

निकाल लागला तेव्हा तू बाहेर लिंबाखाली बसली होतीस. येसू रडत होती, तू सुपारी कातरत होतीस. माझ्याकडं पाहून म्हणालीस, "काय रे, हरला?"

"हरलो, काकू."

"मंग दात काऊन दिसून रायले?"

परत येताना मोटारीत जागा नव्हती. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं तू म्हणालीस, "येसे, सरक तिकडं. वादीले बसू दे."

आणि तिथून तुझ्या डोक्यात ते सुरू झालं. बापू मुद्दाम बोल्ला. आबा समोर बसलेले, उघड बोलता येत नव्हतं, म्हणून पोरानं आवतनात गुंडाळून सांगितलं. मी शपथ घेऊन सांगायचो, की काकू, तसं काही नव्हतं, मी फुशारकी मारली. तू मान हलवायचीस. "तू लहानपणी बेसन खाऊन नाई म्हणायचा. आताबी नाईच म्हणशीन." तू ते विहिरीवर सांगितलंस, बाजारात सांगितलंस. बाया मला निवडून चांगली वांगी द्यायला लागल्या. सासुरवाडीत माझं पान आधी वाढलं जायला लागलं. हरलेल्या वादीचा असा मान तालुक्यात कोणाला मिळाला नसेल. मी तो चवीनं घेतला. नाही म्हणत राहिलो आणि वांगी घरी आणत राहिलो.

यंदाच्या भादव्यात मी तांदूळ घेऊन आलो, तर तू दार अर्धं लावून उभी. "चूलबंद म्हणू नोको बाप्पा. कोर्टात लिहून घेतीन."

"लिहू दे. आता निकाल लागला."

"मंग जोरात म्हण."

मी जोरात म्हणालो. पलीकडच्या मळ्यातले गडी काम सोडून पाहायला लागले. तू दार उघडलंस आणि तांदळातला एक दाणा उचलून कपाळाला लावलास. विधवेनं लावायचा की नाही, हे विचारायला तिथं कोणी नव्हतं.

शेवंती भरात आली आणि तू अंथरूण धरलंस. शेवटच्या भेटीत तू पुन्हा तेच काढलंस. आवाज पार खोल गेला होता. "आता खरं सांग. मुद्दाम बोल्ला ना?" मी तोंड उघडलं. खरं सांगायचं, तर काय सांगणार होतो ते मलाच माहीत नव्हतं. मी फुशारकीच मारली होती. पण फुशारकी मारायला मला तेवढंच का सुचलं? शालू, नथ, करंजी सगळं सांगून झालं होतं. गप्प बसता आलं असतं. तुझ्या दाराशी का गेलो? मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तू हात वर केलास. "नोको सांगू. सांगशीन त खोटंच सांगशीन." आणि डोळे मिटून हसलीस. भांडण अर्धं ठेवून गेलीस, काकू. वरचं कोर्ट नाही आता त्याला.

एक मात्र तुला सांगायलाच हवं. नदीवर तुला अग्नी देऊन झाला. माझ्या खांद्यावरून पाणी निथळत होतं, येसू बायांमध्ये उभी होती. आपल्यातला एक म्हातारा भाऊबंद, नाव लिहीत नाही, तुला कळेल, तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "बापू, अग्नी तू देल्ला. पाणी देणाराच वारस. आता मळ्याचं पुन्हा पाहाले पाहिजे." येसूचा चेहरा पांढराफटक पडला. जावई खाली वाळूकडं पाहायला लागला. ज्यासाठी तू एवढी वर्षं अकोल्याच्या बाकावर बसलीस, ते सगळं त्या वाक्यानं पुन्हा उघड्यावर आलं.

मी नाटकातला दूत, पण त्या दिवशी राजाचा आवाज लागला. म्हणालो, "दादाजी, मी हरलो हाय. आन मले हरलेलाच राहू द्या. मळा येसूचा हाय. ज्याले अपील करायचं असन त्यानं आधी मायासारखं डोकं तासून घ्यावं." त्यांच्या टकलावर तासायला केस नव्हतेच, म्हणून लोकांना हसू आवरेना. मसणवटीत हसले ते, काकू. तुला आवडलं असतं. आबांना नसतं आवडलं. त्यांना मी मनातल्या मनात एवढंच सांगितलं, की सोडला नाही, हरलो.

तू गेलीस त्या दिवशी तुझी चूल पेटली नाही, ती रीतच आहे. पण मग दुसऱ्या दिवशी मी आमच्या अंगणातून मळ्याकडं पाहत राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी शेवंतीच्या वरून धूर दिसला. सरळ, पातळ, तुझ्या तुराट्यांच्या जळणाचा. येसूनं चूल पेटवली होती. मी तिथंच ओट्यावर बसलो आणि कितीतरी वेळ उठलो नाही. माझी बायको, तुझी सून, विचारत होती, "काय पाहून रायले?" काय सांगू तिला. धूर पाहून इतका हलका झालेला माणूस तिनं पाहिला नसेल.

आज दुपारी येसू आली. तुझ्यासारखीच पदर कपाळापर्यंत. आत आली नाही, दारातच उभी राहिली. तेरवीच्या आवतनाला तांदूळ नसतात, हात रिकामे होते तिचे. मला ठाऊक होतं ती का आली ते, तरी मी सोंग घेऊन म्हणालो, "काय काम काढलं, प्रतिवादी?"

ती हसली नाही. तुझ्याच आवाजात म्हणाली, "दादा, उद्या आईची तेरवी. चूलबंद हाय. वहिनीले सांग."

मी "हाव, येतो" म्हणालो.  उद्या, काकू, आमच्या घरी चूल पेटणार नाही.